पुण्याची नवी उपनगरं: पार्किंग, गाळे आणि पोचरस्ता (अनुभव धागा)

वाकड, बावधन, खराडी, वाघोली, मांजरी. वीस-बावीस मजली इमारती उभ्या राहिल्या आणि अर्धा लिटर दुधासाठीही गाडी काढावी लागते अशी वस्ती झाली. घर बघायला आलेल्याला नमुना सदनिका हौसेने दाखवतात. पार्किंग, खालचे गाळे आणि पोचरस्ता यांबद्दल धड कुणी बोलत नाही. या कामात रोज असणाऱ्यांनी नेमकं लिहावं: काय मोजायचं, कुठला कागद मागायचा, काय बिघडतं आणि का.

वास्तुरचनाकार

पार्किंगची भांडणं नकाशातच ठरलेली असतात. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीच्या मूळ तक्त्यात ४० ते ८० चौरस मीटर चटई क्षेत्राच्या दर दोन सदनिकांमागे एक चारचाकी धरली आहे. बहुतेक टू बीएचके याच गटात येतात. म्हणजे बिल्डरने नियम तंतोतंत पाळला तरी निम्म्या घरांना गाडीची जागा नसणार.

मापं दोन: २.५ × ५ मीटर आणि लहान गाडीसाठी २.३ × ४.५ मीटर. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करसवलत मिळाली, त्यामुळे बरीच वर्षं लहान जागा चालून गेली. आताच्या मोठ्या एसयूव्ही १.९ मीटर रुंद आहेत. २.३ च्या जागेत दोन्ही बाजूंना मिळून ४० सेंटीमीटर उरतात; दार उघडून माणूस बाहेर यायला एका बाजूलाच साठ लागतात. त्यात एका कडेला कॉलम असेल तर ती जागा फक्त कागदावर. टेप घेऊन जा आणि कॉलमच्या प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत मोजा, पिवळ्या पट्ट्यांवर विसंबू नका.

उघडं पार्किंग विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नाहलचंद लालूचंद प्रकरणात उघड्या आणि स्टिल्टखालच्या (इमारतीच्या तळाशी खांबांमधल्या मोकळ्या) जागांबद्दल निकाल दिला, महारेराने (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) २०२१ च्या परिपत्रकात उघड्या जागेसाठी पैसे घेता येणार नाहीत असं बजावलं. आच्छादित जागा घेत असाल तर लांबी, रुंदी, उंची आणि नेमकं ठिकाण करारनाम्याला जोडलेलं हवं. महारेराचा हा आदेश २०२४ चा आहे. ‘एक कार पार्क’ एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका.

यांत्रिक पार्किंगची देखभाल करणारा

जागा कमी पडली की दुमजली स्टॅक, म्हणजे एकावर एक दोन गाड्या ठेवणारा सांगाडा, बसवतात. खालची गाडी हलवल्याशिवाय वरची निघत नाही, म्हणून दोन्ही पाट (गाडी उभी राहते ते तळ) एकाच घराला द्या. दोन वेगळ्या घरांना दिलेत तर सकाळी साडेआठला वॉचमन चाव्या गोळा करत फिरतो.

उंची स्लॅबखाली मोजू नका, बीमखाली मोजा. स्प्रिंकलरचा पाइप असेल तर त्याच्याखाली. दोन सेडान एकावर एक ठेवायला साधारण साडेतीन मीटर मोकळे लागतात, एसयूव्हीला त्याहून जास्त. पाटाची क्षमता पाटीवर लिहिलेली असते. ती २,००० किलो असेल तर मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही वर चढवू नका, बॅटरीमुळे तिचं वजन दोन टनांच्या आसपास जातं.

खड्डा असलेल्या पझल पार्किंगचा (पाट वर-खाली आणि आडवे सरकवून गाडी काढतात ते) खरा शत्रू पावसाळा. पंप जळण्यापेक्षा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पंप सुरू करणारा) अडकण्याचं प्रमाण जास्त. गाड्यांच्या टायरची माती आणि पिशव्या खड्ड्यात जमतात, फ्लोट वर येत नाही, पंप सुरूच होत नाही आणि पाणी मोटरपर्यंत चढतं. मे महिन्यात खड्डा उपसून, बादलीभर पाणी ओतून फ्लोट हाताने तपासा. पंप जनरेटरच्या लाइनवर हवाच, कारण मोठ्या पावसातच वीज जाते. वायररोपची एकही तार तुटून बाहेर आलेली दिसली तर त्या दिवशी पाट बंद ठेवा. ग्रीस लावून झाकणारे असतात; फडक्याने पुसून मगच बघा.

वायरमन (चार्जिंगची कामं)

वरच्या इलेक्ट्रिक गाडीच्या मुद्द्यात भर. ७.४ किलोवॉटचा चार्जर सलग सहा-सात तास ३२ अँपिअर ओढतो. ३२ चा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) उन्हाळ्यात तापून पडतो. ४० अँपिअरचा, विजेच्या ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा आरसीबीओ (एमसीबी आणि गळतीरक्षक एकत्र) घ्या. मीटर जवळ असेल तर ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल पुरते, चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे १० ची ओढा. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं थेट जोडू नका, तो जोड सैल होऊन जळतो. महावितरण चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी देतं, दरही वेगळा असतो. दहा गाड्या एकदम लागल्या की ७४ किलोवॉट होतात, म्हणून पहिल्या अर्जाच्या वेळीच सोसायटीने ट्रान्सफॉर्मरची शिल्लक क्षमता विचारून घ्यावी.

गाळ्यांचे व्यवहार बघणारी

दहा बाय वीसचा गाळा चालणार की नाही, हे सोसायटीच्या भिंतीवर ठरतं. किराणा दुकान ब्रेड, दही, कोथिंबीर अशा रोजच्या फुटकळ खरेदीवर जगतं. महिन्याचं सामान आता डीमार्टला किंवा फोनवरून. मुख्य फाटक पुढच्या रस्त्याला आणि गाळे बाजूच्या रस्त्याला असले की शंभर मीटरचं अंतर पाऊण किलोमीटर होतं. मग माणूस स्कूटर काढतो, आणि एकदा स्कूटर काढली की तो तुमच्याकडे थांबत नाही. बाजूच्या भिंतीत एक मीटरचं पायी फाटक ठेवायला लावा; सोसायटी सुरक्षेचं कारण सांगते, सकाळी सहा ते रात्री दहा एवढ्या वेळेवर सहसा तयार होते.

जोता तीन पायऱ्या उंच असेल तर ट्रॉली आणि म्हातारी माणसं दोन्ही गेली. १:१२ उताराचा रॅम्प लागतो, म्हणजे ४५ सेंटीमीटर जोत्याला ५.४ मीटर लांबी. तो आपल्या हद्दीत बसतो का ते आधी बघा. पुढच्या मोकळ्या जागेत शेड टाकू नका, अतिक्रमणाच्या कारवाईत ती पहिली जाते.

नगररचनेत काम केलेला

गाळेवाल्या ताईंचं भिंतीबद्दल पटलं, पण मूळ दुखणं रस्त्याचं आहे. विकास आराखड्यात रस्ता सलग दिसतो. जमीन मात्र गटागटाने ताब्यात येते. पहिल्या आणि तिसऱ्या गटाच्या बिल्डरने टीडीआर (दिलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क) घेऊन पट्टा सोडला, मधल्या शेतकऱ्याने सोडला नाही, की चोवीस मीटरचा रस्ता ज्वारीच्या ताटांपाशी संपतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली, तोवर त्यातल्या कित्येक इमारती उभ्या होत्या. नगररचना योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून आधी रस्ते काढतात आणि प्रत्येकाला नवा आखीव भूखंड परत देतात. माण-म्हाळुंगेची योजना त्याच पद्धतीची. माझ्या मते उपनगरांना हाच मार्ग योग्य.

घर घेणाऱ्याने विकास आराखड्याचा आपल्या भागापुरता नकाशा (भाग नकाशा) काढावा, मुख्य रस्त्यापर्यंतचे सगळे गट नंबर लिहून घ्यावेत आणि प्रत्येकाचा सातबारा ऑनलाइन बघावा. रस्त्याच्या पट्ट्यावर पालिकेचं नाव लागलं नसेल तर तिथलं डांबर तात्पुरतं समजा. मंजूर नकाशात पोचरस्ता किती मीटर दाखवलाय ते वाचा, जागेवर टेपने मोजा आणि फरक निघाला तर पालिकेच्या बांधकाम विभागाकडे लेखी विचारा.