कानात नाडीचा आवाज : सांगली-मिरजेत कुणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते. दिवाळीपासून उजव्या कानात सतत 'हूश्श... हूश्श...' असा आवाज येतोय. टिनिटसमध्ये (कानात आवाज येण्याच्या त्रासात) नेहमी येते तशी शिट्टी नाही. मनगटावर बोट ठेवून बघितलं तर नाडीच्या ठोक्याला ठोका जुळतो. जिना चढून आलं की वेग वाढतो. दिवसा मिक्सर, टीव्ही, पोरांचा दंगा यात खपून जातं, पण रात्री त्या कुशीवर झोपायची सोय नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. उजवीकडे मानेवर, जबड्याखाली अगदी हलकं दाबलं की आवाज बंद! बोट काढलं की चालू. (जोरात दाबून बघू नका कुणी.) यावरून दोष शिरेकडचा असू शकतो म्हणे. इथल्या कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) केली, नॉर्मल आली. "वय आहे, सवय करून घ्या" म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. चाळिशीत कसलं आलंय वय? हिमोग्लोबिन, थायरॉईड, बीपी सगळं ठीक आहे.

कुणी यासाठी एमआर व्हेनोग्राफी (एमआरआयवर डोक्यातल्या रक्ताच्या शिरा बघतात ती तपासणी) किंवा कानाच्या हाडाचा सीटी केलाय का? मिरजेत होतं का, खर्च साधारण किती? आणि पुढे न्यूरोलॉजिस्ट गाठावा की थेट इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (रक्तवाहिनीतून नळी घालून उपचार करणारे डॉक्टर)? मिरज-कोल्हापुरात कुणी असेल तर उत्तम, नाहीतर पुण्याला जायची तयारी आहे. शिरेत स्टेंट घालून आवाज गेलाय असं कुणी असेल तर अनुभव जरूर सांगा. कोमट तेल घालायचे सल्ले सासूबाईंकडून भरपूर मिळालेत, ते नकोत.