ब्रिज बदलताना एसएसएच तुटतं त्याबद्दल
वर एकाने म्हटलंय की होस्टवर (ज्या सर्व्हरवर व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालतात) एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय, चालू असलं की सर्व्हर रूममध्ये जायची गरजच नाही. बाकी कामांना पटतं, नेटवर्क बदलताना अजिबात नाही. मागच्या पावसाळ्यात नाशिकला गंगापूर रोडला घरी बसून सातपूरच्या एका कारखान्यातल्या केव्हीएम (लिनक्सवर व्हीएम चालवायची सोय) होस्टचा ब्रिज, म्हणजे व्हीएमना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा सॉफ्टवेअरमधला स्विच, बदलत होतो, इंटरफेसच्या नावात एक अक्षर चुकलं, एंटर दाबला आणि कर्सर जिथल्या तिथे थिजला. रात्री साडेअकराला रेनकोट चढवून गाडी काढली, वॉचमनला उठवलं, मॉनिटर लावून ते एक अक्षर नीट केलं. गंमत म्हणजे आतले व्हीएम मस्त चालू होते, बाहेरून कोणाला पोचता येत नव्हतं इतकंच.

तेव्हापासून आधी नेटवर्क सेटिंगच्या जुन्या फाइलची कॉपी ठेवतो आणि टीमक्समध्ये (एसएसएच तुटलं तरी होस्टवर चालू राहणारं टर्मिनल) एक ओळ सोडून देतो, स्लीप ३०० (म्हणजे ३०० सेकंद थांब), मग जुनी फाइल परत जागेवर आणि नेटवर्क रीलोड. म्हणजे पाच मिनिटांत होस्ट स्वतःच मागे येतो. टीमक्स हवंच, कारण नुसत्या एसएसएचमध्ये चालवलं तर सेशन मेलं की बहुतेक वेळा तेही मरतं. बदल करून नव्याने लॉगिन झालं तर त्या ओळीवर कंट्रोल-सी, नाही झालं तर चहा टाकायचा.