पिकअपच्या गिअरबॉक्सचे आणि क्राऊनचे ऑइल घरी बदलण्याबाबत सल्ला हवा आहे

धागाकर्ता

नमस्कार. माझ्याकडे महिंद्राचा २०१७ चा बोलेरो पिकअप आहे. तो मी दोन वर्षांपूर्वी वापरलेला घेतला. जुन्नर तालुक्यातून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणे हे त्याचे रोजचे काम आहे आणि हंगामात आठवड्यातून दोन-तीन वेळा भरली गाडी माळशेज घाट उतरून कल्याणला जाते. अलीकडे सकाळी गाडी थंड असताना पहिल्यावरून दुसरा गिअर अडकत पडतो आणि साठच्या वेगाला मागच्या बाजूने बारीक गुणगुण ऐकू येते.

गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचे आणि क्राऊनचे (मागच्या एक्सलमध्ये चाके फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचे) अशी दोन्ही ऑइले बदलल्याचे बिल मी भरले होते. परंतु परवा गाडीखाली पाहिले तेव्हा क्राऊनच्या नटावर चिखलाचा जुना, वाळलेला थर जसाच्या तसा होता, त्याला पाना लागल्याची खूणही नव्हती. त्यामुळे हे काम आता स्वतःच करायचे ठरवले आहे. इंजिन ऑइल मी नेहमी घरीच बदलतो. दोन्ही ठिकाणी कोणते ऑइल घालावे, गाडीखाली खड्डा नसताना काम सुरक्षितपणे कसे करावे आणि बाहेर आलेल्या ऑइलात काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आमच्याकडे दोन पिकअप आहेत आणि दोन्हींच्या गिअरबॉक्समध्ये व क्राऊनमध्ये आम्ही कित्येक वर्षे एकच ईपी ९० (जास्त दाब सोसणारे गिअर ऑइल) घालत आलो आहोत. एकच डबा आणला की काम होते. आतापर्यंत मोठी तक्रार आलेली नाही.

प्रतिसाद २

वरील सल्ला मनापासून दिलेला आहे, तरीही त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण दुसरा गिअर अडकण्याचा संबंध याच गोष्टीशी असू शकतो.

डब्यावरचा ९० हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो. (तो इंजिन ऑइलच्या मोजपट्टीवरचा नाही, १०० अंश सेल्सिअसला ९० क्रमांकाचे गिअर ऑइल साधारण ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑइलइतकेच घट्ट असते.) खरा फरक जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दर्जांत आहे. क्राऊनमध्ये पिनियन (इंजिनकडून फिरणारे लहान दातेरी चक्र) हा क्राऊन व्हीलच्या (मोठ्या दातेरी चक्राच्या) मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली लांबवर घासत सरकतात. तुम्ही भरली गाडी खालच्या गिअरवर घाट उतरवता तेव्हा तर हा भार दातांच्या उलट बाजूवर येतो. असा दाब सोसण्यासाठी जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्ये जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट असतात आणि क्राऊनला त्यांची गरज असते.

गिअरबॉक्सचे तसे नाही. तिथे गिअर पडताना दोन भागांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझर रिंगा बऱ्याच गाड्यांत पितळी असतात आणि त्यांचे काम घर्षणावरच चालते. ऑइल फार निसरडे असेल तर रिंग पकड घेत नाही आणि गिअर अडतो. शिवाय तापलेल्या ऑइलातले सक्रिय गंधक पितळेवर थर धरते व तो थर पितळेचा पापुद्रा घेऊन सुटतो. काही नव्या जीएल-५ ऑइलांत पितळेला जपणारी द्रव्ये असतात हे खरे आहे, परंतु डब्यावर तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर मी ते गिअरबॉक्समध्ये घालणार नाही. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल यांच्यासाठी दर्जा, घट्टपणा आणि लिटर वेगवेगळे दिलेले असतात, तेच प्रमाण धरावे. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात चासी नंबर सांगून ही माहिती विचारून घ्यावी.

गुणगुणीबाबत एक चाचणी करा. सपाट रस्त्यावर त्याच वेगाला एक्सलेटरवरून पाय काढा. आवाज तसाच राहिला तर तो टायरचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त आहे. तो लगेच बदलला तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचे बेअरिंग पाहावे लागेल आणि झिजलेले दात नव्या ऑइलने भरून येत नाहीत.

प्रतिसाद ३

आता प्रत्यक्ष कामाविषयी. एक नियम सर्वांत आधी लिहितो, कारण तो चुकला तर गाडी अंगणातच अडकून पडते: ऑइल काढण्याचा खालचा नट सोडण्यापूर्वी ऑइल भरण्याचा वरचा नट सुटतो की नाही, हे पाहून घ्या. वरचा नट गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालून सगळे ऑइल काढून टाकले असेल, तर भरायला वाट राहत नाही आणि गाडी गॅरेजपर्यंत चालवताही येत नाही.

पिकअपला जमिनीपासून बरीच उंची असते, म्हणून शक्य असेल तर गाडी उचलूच नका. सपाट, टणक जागेवर ती उभी करून गोणपाटावर आडवे होऊन हे काम होते, आणि पातळी पाहण्यासाठी गाडी सपाट असावीच लागते. उचलायचीच असेल तर जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका. भार पेलणाऱ्या घोड्या लावा आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या लावा. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि गिअरचा अडथळाही मागच्याच चाकांना पोहोचतो, त्यामुळे मागची दोन्ही चाके अधांतरी असतील तर पुढची चाके धरणारे काहीच उरत नाही. एकच मागचे चाक उचलले असेल तर गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा सरकू शकते, कारण डिफरन्शियलमुळे (दोन्ही मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या, क्राऊनमधल्याच भागामुळे) उचललेले चाक मोकळे फिरते. ही गोष्ट अनुभवी माणसेही विसरतात.

आधी आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून आणा. ऑइल पातळ होते आणि तळाचा गाळ त्यात मिसळून बाहेर येतो. नटांभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने काढून पुसून घ्या, नाहीतर तोच आत पडेल. ऑइल मोजता येईल अशा भांड्यात काढा, कारण पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा ते बरेच कमी निघाले तर कोठेतरी गळती आहे. थेंब थांबेपर्यंत वेळ द्या. आत डिझेल किंवा रॉकेल ओतून धुण्याची पद्धत मला मान्य नाही. ते पूर्ण निथळत नाही आणि नवे ऑइल पातळ करते.

खालच्या नटावर चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा गाळ दिसेल. तो नेहमीच्या झिजेचा असतो. बोटांना टोचणारा कीस, चपट्या खपल्या किंवा दाताचा तुकडा मिळाला तर नवे ऑइल भरण्यापूर्वी मिस्त्रीला दाखवा. गिअरबॉक्सच्या ऑइलात सोनेरी चमक दिसली तर ती पितळी रिंगांची असते. वासावरून मात्र निष्कर्ष काढू नका, कारण जीएल-५ ला नवे असतानाही गंधकाचा उग्र वास असतो.

नट बसवताना वॉशर नवा घाला आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतकेच आवळा. गिअरबॉक्सचे आवरण ॲल्युमिनियमचे असेल तर जास्त जोर दिल्याने आटे जातात. भरण्यासाठी मोठी पिचकारी किंवा हातपंप वापरा. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आले की थांबा, दहा मिनिटांनी बोटाने पुन्हा पाहा. ‘थोडे जास्त असू द्या’ हा विचार येथे नुकसान करतो: जास्तीचे ऑइल घुसळून तापते, फेसाळते आणि सीलमधून बाहेर येते, गिअरबॉक्सचे असेल तर क्लच प्लेटवर जाते, एक्सलचे असेल तर ब्रेक लायनरवर.

धागाकर्ता

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे आधी वरचे नट पाहिले. गिअरबॉक्सचा सहज सुटला, परंतु क्राऊनचा हलत नाही आणि आणखी जोर दिला तर त्याच्या कडा गोल होतील अशी भीती वाटते. काय करावे?

प्रतिसाद ४

गंज सोडवणारे तेल त्यावर मारून रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुन्हा मारा. नटाच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके द्या. त्या हादऱ्यांनी गंजाची पकड सुटते. नटाला तंतोतंत बसणारा पानाच वापरा. ढिला पाना आणि त्यावर पाइप चढवून दिलेला झटका, यानेच कडा जातात. ज्योत लावून तापवू नका, आत ऑइल आहे.

प्रतिसाद ५

काढलेल्या ऑइलाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. वाळवीसाठी लाकडाला फासणे किंवा बांधाला ओतणे गावोगावी चालते, परंतु ते विहिरीच्या पाण्यापर्यंत झिरपते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांनुसार वापरलेले ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, ते त्यांच्याकडे पाठवणाऱ्या सेवा केंद्रात द्या. त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू देऊ नका.

धागाकर्ता

काम रविवारी पूर्ण झाले. क्राऊनचा नट दुसऱ्या दिवशी सकाळी सुटला. गिअरबॉक्सचे ऑइल काळपट निघाले, त्यात उन्हात धरल्यावर थोडी सोनेरी चमक दिसली, कीस मात्र नव्हता. पुस्तिकेप्रमाणे जीएल-४ भरले आहे आणि तीन दिवसांत दुसरा गिअर थंड गाडीतही बराच सुलभ पडू लागला आहे. क्राऊनचे ऑइल मात्र दुधाच्या चहासारखे निघाले. चुंबकावर गाळ होता, तुकडे नव्हते. पाय काढून पाहिले तर गुणगुण तशीच राहते, म्हणजे आता चाकांकडे पाहावे लागेल. क्राऊनमध्ये पाणी कोठून आले असावे?

प्रतिसाद ३ चे लेखक

एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला ब्रीदर (हवा ये-जा करण्याचे तोंड) असतो, तो आधी काढून पाहा. बहुधा चिखलाने बुजलेला असेल. तापलेला एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरमधून हवा येऊ शकली नाही तर सीलच्या कडेने पाणी ओढले जाते. ब्रीदर साफ करा, झडप चिकटली असेल तर नवा घाला आणि मागच्या ड्रमच्या आत ऑइलाचा ओलावा आहे का तेही पाहा. कोपऱ्यांत थोडे पाणी उरलेलेच असते, त्यामुळे आता भरलेले ऑइल पाचशे-सातशे किलोमीटरनंतर पुन्हा काढा. ते स्वच्छ निघाले तर पुढे पुस्तिकेतील जास्त भाराच्या वापरासाठीचे वेळापत्रक पाळा. पुन्हा दुधाळ निघाले तर सील बदलावे लागतील. चाकांची बेअरिंग पाहताना दोन्ही बाजू पाहा, आणि काय आढळले ते येथे अवश्य लिहा.