तीनचाकी स्पोर्ट्स गाडी उजवीकडे जाते, पट्टा चिवचिवतो : आधी कशाला हात लावावा?

तिसरेचाक (प्रश्न)

नमस्कार. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली, हँडलबारची एक स्पोर्ट्स तीनचाकी मी काही महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली. मागचे चाक दातेरी पट्ट्याने फिरते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर हँडल अगदी सरळ ठेवले, तर गाडी हळूहळू उजवीकडे सरकते, आणि ती सरळ चालावी म्हणून मला हँडल सतत किंचित डावीकडे धरून ठेवावे लागते. अर्ध्या तासात डावा खांदा भरून येतो. याशिवाय कमी वेगात, विशेषतः सकाळी गाडी बाहेर काढताना, मागून पाखरासारखी चिवचिव ऐकू येते आणि वेग वाढला की ती इंजिनाच्या आवाजात बुडून जाते.

तिन्ही चाकांतली हवा पुस्तिकेप्रमाणे भरून पाहिली. पुढचे दोन्ही टायर एकाच मेकचे असून सारखेच झिजलेले आहेत. थोडे अंतर चालवून थांबल्यावर ब्रेकच्या डिस्कजवळ हात नेऊन पाहिला, तर दोन्ही बाजूंना उष्णता सारखीच जाणवली. म्हणजे एखादा ब्रेक धरून राहिला असावा असे वाटत नाही. आधीच्या मालकाने विकण्यापूर्वी मागचा टायर बदलून घेतला होता, एवढे कागदांवरून कळते.

पुढच्या चाकांचे टाय-रॉड (हँडलची हालचाल चाकांपर्यंत नेणारे दांडे) फिरवून अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणे, घरीच करावे, असा माझा विचार आहे. त्याच वेळी मागे 225/50 आर 15 (मि.मी. रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या बाजूची उंची आणि रिमचा इंचांतला व्यास) च्या जागी 215/60 आर 15 हा थोडा उंच टायर, दोन जादा एलईडी दिवे आणि मागच्या बाजूला सामानाची एक मोठी पेटी बसवावी असेही मनात आहे. हत्यारे बऱ्यापैकी आहेत, टॉर्क पानाही आहे. सुरुवात कुठून करावी, याबद्दल अनुभवी सभासदांचे मत हवे आहे.

ओळंबा

टाय-रॉडला तूर्त हात लावू नका, ही कळकळीची विनंती. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येत असण्याची शक्यता मला फार दाट वाटते, आणि ते ठिकाण म्हणजे मागच्या चाकाचा एक्सल (आस).

पट्ट्याच्या गाडीत मागचे चाक स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) दोन खाचांत बसलेले असते आणि दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टर बोल्टनी ते मागेपुढे सरकवून पट्ट्याचा ताण ठरवला जातो. म्हणजे पट्ट्याचा ताण आणि चाकाची दिशा या दोन्ही गोष्टी त्याच दोन बोल्टांच्या हाती असतात. टायर बदलताना चाक काढले आणि परत बसवताना फक्त ताण पाहिला, तर एक बाजू दीड मिलिमीटर पुढे राहून जाणे सहज घडते. एक्सलच्या दोन टोकांमध्ये समजा 300 मि.मी. अंतर आहे आणि उजवे टोक 1.5 मि.मी. पुढे आहे, तर चाक साधारण 0.3 अंशाने डावीकडे तोंड करून उभे राहते. मागचे चाक डावीकडे चालू लागले की गाडीचा मागचा भाग डावीकडे जातो आणि तोंड उजवीकडे वळते. मग तिला सरळ नेण्यासाठी पुढची चाकेही तितकीच डावीकडे वळवून धरावी लागतात आणि गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते. तुम्ही सांगितलेले लक्षण नेमके हेच आहे. चाक तिरके असले की त्यावरची पुलीही (पट्टा बसतो ते दातेरी चाक) तिरकी असते, पट्टा एका कडेला सरकतो, पुलीच्या काठाला घासतो आणि चिवचिवतो.

खात्री करून घेण्यासाठी आधी एक सोपी परीक्षा करा. आवाज येत असताना पट्ट्याच्या कडेवर स्प्रेच्या बाटलीने थोडे साधे पाणी मारा. काही क्षण आवाज थांबून पुन्हा सुरू झाला, तर तो पट्ट्याचा आहे, बेअरिंगचा नाही. पुलीच्या एकाच काठाच्या आतल्या बाजूस बारीक काळी भुकटी साचलेली दिसते का तेही पाहा.

मोजणी दोरीने होते, पण चारचाकीची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. दोरी मागच्या चाकाला टेकवून पुढे नेली, तर ज्या चाकावर संशय आहे त्यालाच पंच केल्यासारखे होईल. म्हणून गाडीच्या दोन्ही बाजूंना, स्टँड ठेवून, चाकांच्या मध्याइतक्या उंचीवर दोन दोऱ्या ताणून बांधा. पुढे दोन्ही चाकांच्या हबच्या (मधल्या भागाच्या) मध्यापासून दोऱ्यांचे अंतर सारखे हवे. मागे स्विंगआर्म ज्यावर हलतो त्या पिव्हट बोल्टच्या दोन्ही टोकांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि त्या खुणांपासूनही दोऱ्यांचे अंतर दोन्हीकडे सारखे ठेवा. दोन दोऱ्यांमधले अंतर पुढे आणि मागे एकच भरले की त्या समांतर आहेत आणि त्यांचा आधार चासी आहे, चाक नाही. आता मागच्या रिमच्या पुढच्या काठापासून आणि मागच्या काठापासून दोरीपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजा. नंतर चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा, कारण रिमच वाकडी असेल तर पहिले माप फसवे असते. या कामाला पाऊण तास लागतो आणि त्यातला अर्धा तास दोऱ्यांना पाय लागून त्या पुन्हा बांधण्यात जातो, हे आधीच सांगून ठेवतो.

टाय-रॉड आधी का फिरवायचे नाहीत, त्याचे कारण असे. मागचे चाक तिरके असताना पुढची चाके त्याच्याशी जुळवून घेतली, तर हँडल सरळ दिसेल, पण गाडी तिरकीच चालेल. शिवाय तुमच्या प्रकारच्या गाड्यांत स्थिरता राखणारी यंत्रणा हँडलच्या कोनाचा सेन्सर वाचत असते. हँडलचे सरळ आणि गाडीचे सरळ यांत फरक पडला, तर ती यंत्रणा नको तेव्हा ब्रेक लावू शकते.

जुने_गॅरेज

ओळंबा यांच्याशी सहमत आहे, पण त्यांच्याकडून सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहिली.

यातल्या बहुतेक गाड्यांत पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकावर काम करतो. मागे चाकच एक असल्यामुळे ते जॅकवर उचलताक्षणी गाडीला पार्किंग ब्रेक उरत नाही, आणि पुढची दोन्ही चाके मोकळी असतात. चाळीस वर्षे हत्यारे हाताळलेल्या माणसाची गाडीदेखील अशीच जॅकवरून पुढे घरंगळली आहे. तो माणूस मीच. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचरी लावल्याशिवाय जॅकचा दांडा हातात घेऊ नये, आणि उचलल्यावर भार जॅकवर न ठेवता स्टँडवर द्यावा.

एक्सलचा नट सैल करण्यापूर्वी दोन्ही ॲडजस्टरच्या जागा टोकदार खडूने खुणा करून ठेवा. एका बाजूचा बोल्ट पूर्ण फिरवण्याऐवजी एक बाजू अर्धा फेरा मागे आणि दुसरी अर्धा फेरा पुढे घेतली, तर ताण जवळजवळ तोच राहून दिशा बदलते. दीड मिलिमीटर पिचच्या बोल्टवर अर्धा फेरा म्हणजे पाऊण मिलिमीटर. ताण मोजताना पुस्तिकेत दिलेल्या जोराने पट्टा मधोमध दाबून तो किती लवतो ते पाहायचे. मात्र चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी पाहा आणि सर्वांत घट्ट जागेचे माप धरा. पट्टा तंग ठेवला की चांगला, हा समज चुकीचा आहे, कारण फाजील ताण आधी पुढच्या पुलीचे बेअरिंग खातो. शेवटी नट टॉर्क पान्यानेच आवळा आणि कॉटर पिन (नट सैल होऊ न देणारी खीळ) असेल तर नवीच घाला.

जाता जाता एक गोष्ट. 1909 साली ब्रिटनमध्ये मॉर्गनची पहिली तीनचाकी तयार झाली तेव्हाही पुढे दोन आणि मागे एक चाक हीच मांडणी होती. दोन गिअरसाठी दोन वेगवेगळ्या साखळ्या मागच्या एकाच चाकाला फिरवीत. त्या काळच्या मालकांनीही एक्सल सरळ करण्यात किती संध्याकाळी घालवल्या असतील, याची कल्पना करता येते. शाफ्टने चालणाऱ्या कॅन-ॲम रायकरच्या मालकांना हा पट्ट्याचा ताप नाही, एवढेच त्यांचे भाग्य.

गुरुत्वमध्य

टायर आणि पेटी यांबद्दल लिहितो.

225/50 आर 15 टायरचा व्यास साधारण 606 मि.मी. भरतो आणि 215/60 आर 15 चा 639 मि.मी. हा फरक सुमारे साडेपाच टक्क्यांचा आहे. स्थिरतेची यंत्रणा आणि एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) तिन्ही चाकांच्या वेगांची सतत तुलना करतात. मागचे चाक कायमच सुमारे पाच टक्के सावकाश फिरू लागले, तर त्या तुलनेचा पायाच हलतो. वेगमापक मागच्या चाकावर चालत असेल तर तोही चुकेल. शिवाय गाडीची मागची बाजू सुमारे 16 मि.मी. वर उचलली जाईल. मूळ मापच ठेवावे. आणि मोटारसायकलचा गोल पाठीचा टायर तर मुळीच नको, कारण ही गाडी वळणावर कलत नाही आणि त्या गोलाईचा उपयोगच होत नाही. तो मधली पट्टी तेवढी झिजवतो.

पेटीचा प्रश्न मात्र मला टायरपेक्षा गंभीर वाटतो. चारचाकी उलटते ती एका बाजूच्या दोन चाकांवरून. तुमची गाडी उलटलीच, तर बाहेरचे पुढचे चाक आणि मागचे एकुलते चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवरून उलटेल, आणि ती रेषा मागे जाईल तशी गाडीच्या मध्याकडे येत जाते. समजा पुढच्या चाकांतले अंतर 150 सें.मी., पुढच्या-मागच्या एक्सलमधले अंतर 170 सें.मी. आणि स्वारासह वजन 500 किलो असून गुरुत्वमध्य पुढच्या एक्सलपासून एकतृतीयांश मागे आहे. तिथे मध्यापासून त्या रेषेपर्यंत आडवे अंतर 50 सें.मी. मिळते. आता मागच्या एक्सलच्याही 30 सें.मी. मागे 25 किलोची पेटी टांगा. गुरुत्वमध्य जवळजवळ 7 सें.मी. मागे सरकतो आणि तेच अंतर 47 सें.मी. होते. त्यात पेटी उंचावर असेल तर गुरुत्वमध्य वरही जातो आणि नुकसान दुहेरी होते. यातल्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या बाजूला सामानाची जागा दिलेली असते. जड वस्तू तिथे ठेवा, मागे हवे तर कपड्यांची हलकी पिशवी बांधा.

पैसे आणि उत्साह दोन्ही खर्च करायचेच असतील, तर पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचा झोल, म्हणजे बाजूला कलणे, थोपवणारा दांडा) जाड बसवा. मागचे एकच चाक मध्यावर असल्यामुळे गाडीचा झोल थोपवण्यात त्याचा वाटा जवळपास शून्य असतो. तो सगळा भार पुढच्या सस्पेन्शनवर येतो, म्हणून इथे बार बदलल्याचा फरक पहिल्याच वळणावर कळतो. मात्र झोल कमी झाल्याने गाडी उलटण्याची मर्यादा फारशी पुढे जात नाही. ती मर्यादा जवळ आल्याची सूचना तेवढी कमी मिळते.

फ्यूजवाला

दिव्यांचे थोडक्यात सांगतो. 20 वॉटचे दोन दिवे 12 व्होल्टवर मिळून साधारण 3.3 अँपिअर घेतात. हा भार मूळ हेडलाइटच्या तारेला जोड मारून घेऊ नये, कारण अनेक गाड्यांत त्या तारेतल्या विजेवर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची नजर असते आणि अनोळखी भार दिसला की तो बिघाडाची खूण दाखवतो. बॅटरीच्या धन टोकापासून निघून, टोकाच्या शक्य तितक्या जवळ 5 अँपिअरचा फ्यूज घालून, तार रिलेच्या (छोट्या विजेने मोठा भार चालूबंद करणाऱ्या स्विचच्या) 30 क्रमांकाला द्या, 87 वरून दिव्यांना, 85 चासीला, आणि 86 ला चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी ॲक्सेसरीची तार. असे केले की चावी काढल्यावर दिवे आपोआप बंद होतात.

काम झाल्यावर सगळे बंद करून, नियंत्रक झोपी जाईपर्यंत थांबून, बॅटरीच्या ऋण टोकाशी मल्टिमीटर एकसरीत जोडा आणि गळती मोजा. 50 मिलिअँपिअर गळती किरकोळ वाटते, पण 18 अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी ती पंधरा दिवसांत रिकामी करते. मल्टिमीटर जोडलेला असताना चावी मात्र फिरवू नका, नाहीतर पहिला फ्यूज मीटरचाच जाईल.

तिसरेचाक

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी ओळंबा यांच्या पद्धतीने दोऱ्या बांधल्या (दोनदा पाय लागला, तिसऱ्यांदा मांजर आले). पाण्याच्या फवाऱ्याने आवाज लगेच थांबला आणि पुलीच्या डाव्या काठाच्या आत काळी भुकटीही सापडली. रिमच्या 400 मि.मी. अंतरात पुढच्या आणि मागच्या मापांत 2 मि.मी. फरक निघाला, चाक अर्धा फेरा फिरवूनही तेवढाच. उजवा बोल्ट अर्धा फेरा मागे आणि डावा अर्धा फेरा पुढे घेतल्यावर तो फरक पट्टीवर दिसेनासा झाला. आधीच्या मालकाकडच्या कामात ॲडजस्टरच्या खुणा दोन्हीकडे जुळत होत्या, तरीही चाक तिरके होते. म्हणजे स्विंगआर्मवर कोरलेल्या त्या खुणांवर विसंबता येत नाही.

काल चाळीस किलोमीटर चालवली. हँडल सरळ, गाडी सरळ, चिवचिव नाही. टाय-रॉडला हातही लावला नाही. टायर मूळ मापाचाच ठेवतो आणि पेटीचा विचार सोडून दिला आहे. एक गोष्ट मात्र आता लक्षात येते: ठरावीक वेगाला पट्टा तारेसारखा थरथरतो आणि पायाखालच्या पाट्यांत ती कंपने जाणवतात, थोडा वेग कमी किंवा जास्त केला की थांबतात. ताण पुस्तिकेच्या मर्यादेत आहे.

जुने_गॅरेज

तो पट्ट्याचा स्वतःचा कंप आहे. लांब मोकळा पट्टा एका ठरावीक वेगाला वाद्याच्या तारेसारखा घुमतो. तो थांबवण्यासाठी ताण वाढवू नका. पट्ट्याच्या खालच्या पदराला हलकेच टेकणारा स्प्रिंगचा रोलर मिळतो, तो लावा. बसवल्यावर रोलर पट्ट्याच्या मधोमध टेकतो ना, हे हाताने चाक फिरवून पाहा. पाचरी लावून.