नोकरी सांभाळून पुस्तक लिहिताना लक्ष एका जागी कसे ठेवावे?

पांझराकाठ

नमस्कार. मी धुळे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि पांझरा नदीवरील फड पद्धतीच्या, म्हणजे बंधाऱ्याखालच्या शेतजमिनीचे ‘फड’ नावाचे मोठे भाग पाडून गावाने सामायिक नियमांनी पाणी वाटून घेण्याच्या सिंचनावर मराठीत पुस्तक लिहीत आहे. बंधारे, पाट, पाणीवाटपाचे नियम, शेतांना पाणी देणारे पाटकरी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे हवालदार यांची कामे, पंचमंडळींचे निर्णय अशी पुष्कळ सामग्री माझ्याकडे जमा आहे. ही व्यवस्था ज्यांनी प्रत्यक्ष चालवली, त्यांच्यापैकी जे आज हयात आहेत ते फार वृद्ध आहेत आणि त्यांच्या हाती हे पुस्तक पडावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

लेखनासाठी पहाटे साडेपाच ते साडेसात हा वेळ मी राखून ठेवतो. तरीही प्रत्यक्ष लेखन फार थोडे होते. महाविद्यालयाचे, परीक्षा विभागाचे आणि नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) कामाचे असे वेगवेगळे व्हॉट्सॲप गट आहेत आणि त्यांतला एखादा निरोप वाचला की उत्तर दिले नाही तरी मन तिकडेच घुटमळत राहते. फोन पूर्ण बंद ठेवता येत नाही, कारण माझी आई गावी एकटी राहते. हा माझ्या निश्चयाचा प्रश्न आहे की मांडणीचा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुनी वही

आपला विषय अत्यंत मोलाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पहाटेचे दोन तास आपण ‘पुस्तकासाठी’ राखले आहेत, पण पुस्तक हा हेतू एका सकाळीला दिशा देण्याइतका नेमका नाही. त्या बैठकीत सामग्री चाळणे, मुलाखत ऐकणे, टिपणांची जुळणी करणे आणि मजकूर लिहिणे यांपैकी काहीही केले तरी ते पुस्तकाचेच काम ठरते आणि त्यामुळे त्यातले सर्वांत अवघड काम, म्हणजे प्रत्यक्ष वाक्ये लिहिणे, सहजपणे मागे पडते.

आपल्याच विषयातून सांगायचे तर, एका फडात एकच पीक घेतले जाते, त्यामुळे त्या साऱ्या क्षेत्राची पाण्याची गरज सारखी राहते आणि पाळी आली की पाणी पूर्णपणे कामी येते. पहाटेची बैठक तशीच एका कामाची असावी. आदल्या रात्रीच एका ओळीत लिहून ठेवावे, ‘उद्या पाटकऱ्याच्या कामाचा भाग, पाणी सोडण्यापासून शेवटच्या शेतापर्यंत’. सामग्री पाहण्याचे काम संध्याकाळी किंवा रविवारी करावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नुसता संकल्प आणि ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक घडले की मी तमुक करीन’ असा आधी बांधलेला बेत यांतील फरकाचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि दुसऱ्या प्रकारात काम सुरू होण्याची व तडीस जाण्याची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले. याचे कारण मला पटते: पहाटे उठल्यावर काय करायचे हा निर्णयच घ्यावा लागत नाही आणि मन भरकटते ते बहुतेक वेळा याच निर्णयाच्या उंबरठ्यावर.

मनोव्यापार

निरोपाला उत्तर न देताही मन तिकडेच राहते, हे आपण अगदी अचूक टिपले आहे. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 साली नेमका हाच प्रश्न तपासला होता. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्या कामाशीच चिकटून राहतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात उणे होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. निरोप वाचणे म्हणजे एक काम उघडणे होय. आपण ते उघडता आणि पूर्ण न करताच लेखनाकडे परतता, म्हणून पहाटेच्या वेळी निरोप ‘फक्त पाहून घेणे’ हे उत्तर देण्यापेक्षाही घातक ठरू शकते.

पुढे 2018 मध्ये लरॉय यांनी थेरेसा ग्लोम्ब यांच्यासह एक साधा उपाय मांडला. काम मध्येच सोडावे लागत असेल तर उठण्यापूर्वी आपण कोठे आहोत आणि परतल्यावर प्रथम काय करणार हे थोडक्यात लिहून ठेवावे, त्यामुळे मन मोकळे होऊन पुढच्या कामाला लागते. साडेसात वाजता वही मिटताना आपण असे टिपण केले, तर महाविद्यालयातही लक्ष अधिक लागेल आणि दुसऱ्या दिवशीचा प्रारंभही सोपा होईल.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगावीशी वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी कार्यालयांत बसून लोकांच्या कामाचे निरीक्षण केले, तेव्हा कामात पडणाऱ्या खंडांपैकी फार मोठा वाटा बाहेरच्या कोणी आणलेला नसून माणसाने स्वतःहून केलेल्या वळणांचा होता. म्हणून फोनचा बंदोबस्त आवश्यक असला तरी पुरेसा नाही, आणि ‘जुनी वही’ यांनी सांगितलेला नेमका हेतू आधी हवा, या मताशी मी सहमत आहे.

उंबरठा

सर, आईंच्या फोनची चिंता सोडवता येण्यासारखी आहे. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून त्यातून तारांकित संपर्कांना वगळता येते, म्हणजे आईंचा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन वाजेल आणि बाकी सर्व शांत राहील. त्याच व्यक्तीने पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा फोन केला तर तो वाजू द्यावा, अशीही सोय तेथे आहे. महाविद्यालयाचे गट कायमचे म्यूट करावेत आणि विभागप्रमुखांना विनंती करावी की खरोखर तातडीचे काही असेल तर संदेश न पाठवता फोन करावा. पहाटे साडेपाच वाजता असा फोन क्वचितच येईल.

मी घरून हिशेबाचे काम करते, म्हणून आणखी एका बाजूकडे लक्ष वेधते. एका माणसाचे दोन निर्वेध तास हे पुष्कळदा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या तुटक तासांवर उभे असतात. पहाटे दूध कोण घेतो, मुलांचे डबे कोण भरतो, दार कोण उघडतो, याची वाटणी घरच्यांशी बसून ठरवावी आणि त्या बदल्यात त्यांनाही दिवसातला असाच एक अखंड वेळ मिळेल याची जबाबदारी आपण उचलावी. घरातल्या सर्वांनी मिळून ठरवलेली वेळ सगळेच जपतात, असा माझा अनुभव आहे.

पांझराकाठ

आपणा सर्वांचा मी मनःपूर्वक आभारी आहे. घरातील वाटणीचा मुद्दा मला विशेष भिडला आणि त्याविषयी मी आजच पत्नीशी बोलणार आहे. एक शंका उरते. खानदेशाच्या 1880 सालच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, मी एखाद्या बंधाऱ्याचा उल्लेख शोधायला जातो आणि भिल्ल पलटणीपासून रेल्वेपर्यंत वाचत राहतो. यातले काही पुढे खरोखर उपयोगी पडते. मग हे वाचन व्यत्यय मानावे की अभ्यास?

जुनी वही

या शंकेवर महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे उदाहरण फार बोलके आहे. ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत होते आणि ती सांभाळूनच त्यांनी ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रावरील जुन्या संस्कृत ग्रंथाच्या संपादनाचे काम हाती घेतले होते. त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा इतिहास द्यावा असा त्यांचा विचार होता. तो विषय प्रस्तावनेत मावणार नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी तो वेगळा काढला. ‘व्यवहारमयूख’ची आवृत्ती 1926 मध्ये प्रसिद्ध झाली आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड त्यानंतर, 1930 मध्ये आला. शेवटचा भाग 1962 साली निघाला, तोवर ग्रंथाची पृष्ठसंख्या साडेसहा हजारांच्या वर गेली होती आणि 1963 मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, मोठ्या ग्रंथाच्या ओढीने त्यांनी हातचे संपादन अडवून ठेवले नाही आणि संपादनासाठी त्या मोठ्या विषयावर पाणीही सोडले नाही. आपले कुतूहल व्यत्यय नाही, मात्र त्याला पहाटेच्या बैठकीत जागा नाही. वहीच्या शेवटची काही पाने त्यासाठी राखावीत. बंधारा शोधताना भिल्ल पलटण समोर आली तर पृष्ठक्रमांक आणि एक वाक्य तेथे लिहावे आणि पुन्हा बंधाऱ्याकडे यावे. मुलाखती मात्र या क्रमात बसवू नका. ज्या वृद्ध पाटकऱ्याला भेटायचे राहिले असेल, त्याच्याकडे लेखन थांबवूनही आधी जाऊन यावे. गॅझेटियर पुढच्या वर्षीही वाचता येईल.