मीरा नायरनं बेकी शार्पला माफ का केलं? ('व्हॅनिटी फेअर' सगळ्यांनी मिळून वाचल्यावर आणि मग सिनेमा बघितल्यावर)

पिवळाअंक

संपलं एकदाचं. इंग्रज कादंबरीकार थॅकरेचं 'व्हॅनिटी फेअर', ६७ प्रकरणं, आम्ही नऊ जण, दर रविवारी रात्री कॉलवर. ही कादंबरी जानेवारी १८४७ ते जुलै १८४८ अशी १९ महिने दरमहा एक शिलिंगच्या पिवळ्या अंकांतून येत होती, म्हणून आम्हीपण १९ हप्ते पाडले, त्यांचा महिना तो आपला आठवडा, आणि नियम एकच, पुढचं कुणी आधी वाचायचं नाही. परवा सगळ्यांनी मीरा नायरचा २००४ चा सिनेमा बघितला, रीझ विदरस्पूनचा, आणि तेव्हापासून जे भांडण पेटलंय ते मिटायचं नाव घेत नाही, म्हणून इथे मांडतेय. (शेवट सांगणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.)

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बेकी गरीब चित्रकाराची मुलगी, आई फ्रेंच नाटकमंडळीतली, दोघंही लवकर गेलेले. हातात पैसा नाही, डोकं मात्र तल्लख, आणि त्याच्या जोरावर ती लंडनच्या बड्या लोकांत वर वर चढत जाते. तिची शाळेतली मैत्रीण अमेलिया, साधी, रडूबाई, नवऱ्याच्या मागे वर्षानुवर्षं त्याचा फोटो कवटाळून बसल्यासारखी.

माझं म्हणणं असं की सिनेमानं बेकीला माफ करून टाकलंय. पहिल्याच प्रसंगात लहानगी बेकी, बापानं काढलेलं आईचं चित्र, बडा उमराव लॉर्ड स्टाइन ते विकत घ्यायला आलाय आणि ती पोर किमतीवर अडून बसलीय. हा प्रसंग पुस्तकात नाहीच! पण तो बघितला की पुढचे दोन-सव्वादोन तास आपण तिच्याच बाजूनं. पुस्तकातली बेकी जिन्यावर उभं राहून तिचं गाणं ऐकणाऱ्या स्वतःच्या पोराच्या कानशिलात लगावते हो, दोन सणसणीत. सिनेमातलं तिचं आईपण कितीतरी मवाळ आहे.

आणि शेवट! पुस्तकात जोस सेडली, म्हणजे अमेलियाचा जाडा, भित्रा, हिंदुस्थानात पैसा केलेला भाऊ, बेकीच्या मुठीत सापडतो, आयुष्याचा विमा उतरवतो आणि तीन महिन्यांत मरतो. विम्याचे २००० पौंड, त्यातला अर्धा हिस्सा बेकीला. विमा कंपनीचा वकील म्हणतो इतकं काळं प्रकरण मी बघितलं नाही. तिच्या वकिलांची नावं थॅकरेनं ठेवलीत बर्क, थर्टेल आणि हेज, आणि ही तिन्ही त्या काळी गाजलेल्या खुन्यांची नावं. सिनेमात काय? बेकी आणि जोस हत्तीवर बसून, मागे गाणं, रंग, राजस्थान. मला खरंच वाईट वाटलं.

तिखटमीठ

अजिबात पटलं नाही ताई. तू थॅकरेला जेवढा कडक न्यायाधीश समजतेयस तेवढा तो नाहीये. एक्केचाळिसावं प्रकरण परत काढ. बेकी दिराच्या गावच्या घरी जाऊन राहते आणि मनाशी म्हणते की वर्षाला ५००० पौंड असते तर मीपण चांगली बाई झाले असते. हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या पुढेच निवेदक स्वतः म्हणतो की कुणास ठाऊक, तिचं बरोबरही असेल, तिच्यात आणि एखाद्या प्रामाणिक बाईत फरक असेल तो फक्त पैशाचा. हे तो लेखक म्हणतोय! मग मीरा नायरनं तेच धरून सिनेमा केला तर माफी कसली, तिनं त्याच्याच एका वाक्याला पूर्ण सिनेमा दिला.

आणि त्या काळात बिनपैशाच्या, बिनआईबापाच्या मुलीनं करायचं काय होतं? दुसऱ्याच्या घरी गव्हर्नेस व्हायचं आणि म्हातारपणी तिथल्याच एका खोलीत मरायचं. माझी आजी लग्नाआधी शिक्षिका होती, तिच्याकडूनही असलंच काहीसं ऐकलंय, त्यामुळे मला बेकीचा राग येतच नाही.

पिवळाअंक

@तिखटमीठ, ते वाक्य मी विसरलेले नाही गं. पण त्याच्या थोडंच आधी, सदतिसाव्या प्रकरणात रॅगल्स येतो ना. बेकीच्या नवऱ्याच्या, रॉडनच्या, श्रीमंत आत्याकडे, मिस क्रॉलीकडे बटलर होता, जन्मभर पैपै साठवून कर्झन स्ट्रीटवर घर घेतलं, ते बेकी आणि रॉडनला भाड्यानं दिलं आणि एक छदाम मिळाला नाही. तो धुळीला मिळाला, पोरं रस्त्यावर, स्वतः फ्लीटच्या तुरुंगात. थॅकरे स्पष्ट लिहितो की बिनपैशानं थाटात राहणाऱ्यांचेही पैसे कुणीतरी भरतंच. बेकी मोठ्या लोकांना फसवते तोवर मलापण ती आवडते. रॅगल्स हा मोठा माणूस नाहीये. आम्ही तो भाग वाचला त्या रविवारी आमच्यातले एक काका, ज्यांचा स्वतःचा भाडेकरूचा खटला बारा वर्षं चाललाय, ते कॉलवर एकदम गप्प झाले. सिनेमाला असल्या माणसासाठी वेळ नाही, आणि तो नसला की बेकी नुसती हुशार, धाडसी मुलगी उरते.

नुसताचवाचक

१४० मिनिटांत ६७ प्रकरणं बसवायची म्हणजे काहीतरी जाणारच ना राव. २०१८ ची सात भागांची मालिका बघा, त्यात ऐसपैस जागा आहे. बाकी १९३५ चा 'बेकी शार्प' कुणी बघितलाय का? तीन रंगांच्या टेक्निकलरमध्ये पूर्ण लांबीचा काढलेला पहिला चित्रपट तो. ब्रसेल्सचा बॉल चालू असताना तोफांचे आवाज येतात आणि सैनिकांच्या लाल झग्यांची जी पळापळ होते ती बघण्यासारखी आहे.

गोदाकाठ

मला वेगळंच बोलायचंय. आपण मराठी माणसं हे पुस्तक वाचतोय आणि यातल्या हिंदुस्थानाबद्दल कुणीच बोलत नाहीये? थॅकरे जन्मला कलकत्त्यात, १८११ साली, बाप कंपनी सरकारचा नोकर. लहानपणीच त्याला विलायतेला पाठवून दिलं. आणि त्याच्या या एवढ्या मोठ्या पुस्तकात हिंदुस्थान सगळीकडे आहे, जोसच्या पोटात आहे, शालींमध्ये आहे, अमेलियावर जीव टाकणाऱ्या डॉबिनच्या पलटणीत आहे, पण समोर जवळजवळ कधीच येत नाही. पैसा तिथून येतो, माणसं तिकडे गायब होतात आणि आजारी होऊन परत येतात, बस.

तिसऱ्या प्रकरणातला मिरचीचा प्रसंग आठवा. जोससाठी त्याच्या आईनं हिंदुस्थानी पद्धतीची करी केलीय. बेकीनं जन्मात चाखलेली नाही, पण जोसला गटवायचंय म्हणून ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर खाते आणि म्हणते छानच आहे. मग जोस म्हणतो, सोबत चिली घ्या. तिला नावावरून वाटतं काहीतरी गारेगार असेल! वर म्हणते, किती ताजी हिरवीगार दिसतेय, आणि तोंडात टाकते. काटा खाली, पाणी पाणी. सेडली बापलेक पोट धरून हसतात. ती पोरगी क्षणभर आतून पेटलेली असते, पण सावरते आणि अरबी गोष्टीतल्या राजकन्येचा दाखला देऊन उलट सगळ्यांना हसवते. त्या एका हिरव्या मिरचीत अख्खी बेकी आहे, आणि त्या घरात हिंदुस्थान म्हणजे काय तेही आहे: जेवणाच्या टेबलावरची गंमत. मीरा नायरनं ती गंमत उचलून पडद्याच्या मधोमध आणली. मला ते धाडसाचं वाटलं. दीडशे वर्षांत कुणाला सुचलं नाही ते रुरकेलात जन्मलेल्या बाईला सुचलं.

पानाआडचापक्षी

@गोदाकाठ, मिरचीबद्दल १००% सहमत, पण पडद्यावर आलेला हिंदुस्थान कुठला? जोस बंगालच्या नोकरीत, बोगली वाला नावाच्या काल्पनिक जिल्ह्याचा कलेक्टर. थॅकरे सांगतो की तो दलदलीचा, जंगलाचा, एकाकी मुलूख, पाणपक्ष्यांच्या शिकारीला प्रसिद्ध, अधूनमधून वाघ. तिथे हा माणूस आठेक वर्षं एकटा राहिला, गोरं तोंड दिसायचं ते वर्षातनं दोनदा. म्हणजे डास, ताप, एकटेपणा, दारू. आणि सिनेमात त्याच्या जागी वाळवंटातला किल्ला आणि सजवलेला हत्ती! राजपुताना संस्थानिकांचा, तिथे कंपनीचा कलेक्टर कशाला असेल? साहेबाला जसा हिंदुस्थान बघायचा असतो तसा आपल्याच बाईनं दाखवला याचं मला जास्त लागलं. पुस्तकातलं ते एक दलदलीचं वाक्य जास्त खरं आहे.

गोदाकाठ

बंगाल आणि राजस्थानचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तिखटमीठ

नाचाबद्दल पण बोला ना मग. लॉर्ड स्टाइनच्या गाँट हाउसमधला तो पौर्वात्य थाटाचा नाच, फराह खाननं बसवलेला, त्याला सगळे नावं ठेवतात की हे मध्येच बॉलिवूड कुठून आलं. अहो पुस्तकातही त्या रात्री तोच थाट आहे! एकावन्नावं प्रकरण. मूकनाट्याचा खेळ चाललाय, तुर्की सरदार, गुलामांचा व्यापारी, बुरखा घातलेली गुलाम मुलगी, सगळं आहे. तेव्हा बड्या घरांत हीच फॅशन होती. नायरनं हवेतनं काढलेलं नाही.

पिवळाअंक

आता तू माझ्याच मुद्द्यावर आलीस. ती गुलाम मुलगी बेकी नाहीये! 'आगामेम्नन' हा शब्द ओळखायचा खेळ आहे, आधी 'आगा', मग 'मेम्नन', मग पूर्ण. बेकी येते ती शेवटच्या दृश्यात, क्लायटेम्नेस्ट्रा म्हणून, नवऱ्याला मारणारी राणी. आगामेम्नन झोपलाय, ती भूमिका तिच्या खऱ्या नवऱ्याचीच. तिचा प्रियकर एजिस्थस खंजीर घेऊन येतो आणि कचरतो. मग गोरे उघडे हात, केस मोकळे, चेहरा पांढराफटक अशी बेकी येते आणि त्याच्या हातातनं खंजीर काढून घेते. बघणाऱ्यांचा श्वास अडकतो. आणि लॉर्ड स्टाइन दातओठ खाऊन म्हणतो, देवाशप्पथ, ही खरंच करेल.

सिनेमानं हा खंजीर काढून तिला नाचायला लावलं. मग पुढे जोसचा मृत्यू कसा येणार? थॅकरेनं पुस्तकातली चित्रं स्वतः काढलीत आणि शेवटच्या प्रकरणातल्या एका चित्राखाली त्यानं लिहिलंय की हा बेकीचा क्लायटेम्नेस्ट्राच्या भूमिकेतला दुसरा प्रवेश. पहिला प्रवेशच कापला तर दुसरा कुठून आणणार. मला वाटतं तिथे, त्या नाचातच, सिनेमाचा शेवट ठरून गेला.

नुसताचवाचक

हे माहीत नव्हतं. माझ्या आवृत्तीत चित्रंच नाहीत, स्वस्तातली घेतली होती.

आईचीरेडिओ

मी यांच्याच ग्रुपमधली. आईला डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून कॉल स्पीकरवर ठेवायचे, तिला इंग्रजी जेमतेम, मी अधूनमधून मराठीत सांगायचे. म्हणाली, आमच्या आजोबांकडे 'करमणूक'चे जुने अंक होते, हरिभाऊ आपट्यांच्या गोष्टी अशाच तुकड्यातुकड्यानं यायच्या म्हणे, पुढचा अंक येईस्तोवर घरात वाद. तिनंच मला सांगितलं की 'व्हॅनिटी फेअर' हे नाव जॉन बन्यनच्या ज्या पुस्तकातलं, 'पिलग्रिम्स प्रोग्रेस', त्याचं हरि केशवजींनी 'यात्रिक क्रमण' म्हणून मराठी केलं होतं, १८४१ ला, म्हणजे थॅकरेच्याही आधी.

मला सांगायचंय ते बत्तिसाव्या प्रकरणाचं. वॉटर्लूची लढाई, आणि थॅकरे आपल्याला रणांगणावर नेतच नाही, ब्रसेल्समध्ये बायकांबरोबर ठेवतो, नुसत्या तोफा ऐकू येतात. आणि शेवटच्या वाक्यात, अंधार पडला, अमेलिया नवऱ्यासाठी, जॉर्जसाठी प्रार्थना करत होती आणि तो पालथा पडला होता, मेलेला, काळजात गोळी. संपलं प्रकरण. त्या रविवारी नऊ जणांपैकी कुणी काही बोललं नाही. आईनं विचारलं काय झालं, मी मराठीत सांगितलं, ती म्हणाली, असंच कळतं. ७१ च्या लढाईत तिचा मामेभाऊ गेला, तिकडे तारेची वाट बघायचे आणि इकडे पोळ्या लाटत बसायचे. सिनेमात प्रेतांनी भरलेलं रणांगण दिसतं आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. बेकीचं तुमचं चालू द्या, माझ्यासाठी फरक इथे आहे.

तिखटमीठ

@आईचीरेडिओ, यावर वाद घालणार नाही. आईंना नमस्कार सांग.

पण @पिवळाअंक, तुझ्या खंजिरानंतर मी काल रात्री सदुसष्टावं प्रकरण परत वाचलं आणि एक वाक्य सापडलं, जे आपण कॉलवर वाचूनही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डॉबिन शेवटी जोसला भेटायला जातो तेव्हा हात जोडून सांगतो की हिंदुस्थानात परत जा, त्या देशात मिसेस क्रॉली (म्हणजे बेकी) तुझ्या मागे येऊ शकणार नाही. आणि जोस म्हणतो जातो, जातो, काहीही करतो, फक्त तिला सांगू नका, कळलं तर मला मारून टाकेल. म्हणजे पुस्तकात हिंदुस्थान ही बेकीपासून सुटायची एकमेव जागा आहे. आणि नायर काय करते, जोस तिला हात धरून तिथेच घेऊन जातो! हे चुकून होत नाही. तिनं ते वाक्य वाचलंय आणि त्याला उत्तर दिलंय, की का येऊ शकणार नाही, ही बघा आली.

पिवळाअंक

वाचलं. परत वाचलं. तू म्हणतेयस ते उत्तर असेलही, ते मी मानते. पण मग हत्तीवर बसलेल्या त्या जोसचा चेहरा बघ, तो खूश आहे. त्याला भीती वाटतच नाही. मला भ्यालेला जोस हवा होता, हिंदुस्थानातच, तिच्या शेजारी हत्तीवर. तेवढं तिनं केलं असतं तर मी हा सगळा वाद घातलाच नसता.

पानाआडचापक्षी

आत्ता ते 'दुसऱ्या प्रवेशा'चं चित्र काढून मोठं करून बघितलं. जोस डॉबिनला विनवतोय आणि मागे पडद्याआड बेकी. तिच्या हातात काही आहे की नाही यावर मी आणि बायको पाऊण तास भांडतोय. ती म्हणते बाटली आहे. मला नुसती मूठ दिसतेय.