डोंगरउतारावर हरणांसाठी स्टँड नेमका कुठे लावावा? (पेनसिल्व्हेनिया)

रानवाट
मध्य पेनसिल्व्हेनियात मित्राच्या मालकीची साधारण 60 एकर जागा आहे, शिकारीला त्याची परवानगी आहे. डोंगरधार नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाते. आपल्या हद्दीत आग्नेय उतार येतो, धारेपलीकडे स्टेट गेम लँड (राज्याची, सर्वांना खुली शिकारीची जागा). पायथ्याला मक्याचं शेत, त्याखाली घर आणि रस्ता, गाडी तिथेच ठेवायची. उताराच्या मध्यावर 30-40 यार्ड रुंदीचा सपाट पदर आहे, त्यावर ओकची गर्दी. पदराच्या ईशान्य टोकाजवळ एक घळ खालून वर येते आणि पदराच्या वरच्या काठाशी संपते. घळीतला ओढा शेताच्या कडेने रस्त्यापर्यंत जातो. धारेवर, घळीच्या माथ्यापासून थोडं नैर्ऋत्येला, एक खिंड आहे.

सर्वांत जास्त माग शेताच्या वरच्या कोपऱ्यात आहेत. 15 फुटी लॅडर स्टँड (शिडीसह झाडाला टेकवायची उंच बैठक) तिथे लावावा असं वाटतंय. दुसरा हँग-ऑन (खोडाला पट्ट्याने बांधायची हलकी बैठक) आहे, तो पदरावर की खिंडीत? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्रॉसबो, नंतर रायफल. मी उजव्या हाताचा आहे. उंची किती, तोंड कुठे, फांद्या किती छाटायच्या, हेही सांगा.

खडकमाळ
शेताचा कोपरा नको. तिथले बहुतेक माग रात्रीचे असतात. संध्याकाळी हरणं शेतात उतरली की तुम्ही वर अडकलात. कायदेशीर वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते, तेव्हा समोर आठ-दहा माद्या चरत असतात आणि खाली उतरलात की सगळ्या उधळतात. असं दोन-तीनदा झालं की ती अंधार पडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. पहाटे तर आणखी वाईट, कारण गाडीपासून स्टँडपर्यंतची वाटच शेतातून जाते.

म्हणून झाड निवडण्याआधी तीन गोष्टी कागदावर काढा: हरणं दिवसा कुठे बसतात, तुम्ही कुठून जाणार-येणार, आणि तुमचा वास कुठे वाहणार. तिन्ही जुळतील तिथलं झाड बघा, मग ते थोडं वाकडं असलं तरी चालेल.

तुमच्या जागेत बसायच्या जागांचा अंदाज नकाशावरूनच येतो. वारा बहुतेक पश्चिमेचा किंवा वायव्येचा, म्हणजे आग्नेय उतार वाऱ्याच्या आडोशाला. मोठे नर अशा उताराच्या वरच्या तिसऱ्या भागात, धारेच्या थोडं खाली बसतात. पाठीमागून धारेवरचा वारा पलीकडचा वास आणतो, खालून ऊन लागलेली हवा दरीतला वास आणते, आणि समोरचं डोळ्यांना दिसतं. त्यामुळे धारेवरून चालत जाणं वर्ज्य समजा.

वाट एकच उरते: ओढा. शेताच्या कडेने ओढ्यात उतरा आणि घळीतूनच वर चढा. पाण्याच्या आवाजात पावलं लपतात आणि काठांमुळे तुम्ही दिसत नाही. वाटेतल्या आडव्या फांद्या ऑगस्टमध्येच काढून टाका, म्हणजे अंधारात काटक्या मोडणार नाहीत.

हँग-ऑन घळीच्या नैर्ऋत्य काठावर, पदर जिथे घळीला भिडतो तिथे लावा. पदरावरून आडवी जाणारी हरणं घळ उतरून चढत नाहीत, घळीच्या माथ्याला वळसा घालतात. 40 यार्डांचा पदर तिथे दहा-पंधरा यार्डांवर आवळला जातो. वाट झाडापासून 18 ते 20 यार्डांवर राहील असं झाड शोधा, अगदी वाटेवरचं नको.

आता वास. पश्चिम किंवा नैर्ऋत्येचा वारा असेल तर तो घळीवर जातो. संध्याकाळी आग्नेय उतारावरचं ऊन लवकर जातं, हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी घळीने खाली उतरते. तुमचा वासही तिच्याबरोबर जातो. सकाळी उलटं: सूर्य उतारावर आला की तास-दीड तासात हवा वर चढू लागते आणि वास थेट वर बसलेल्या नरांकडे. म्हणून हे स्टँड मुख्यतः संध्याकाळचं. सकाळी बसायचंच तर ढगाळ दिवशी आणि वारा पक्का असताना.

उणी बाजूही आहे. ईशान्येकडून, घळीच्या पलीकडून येणाऱ्या हरणाला जोराच्या पश्चिम वाऱ्यात तुमचा वास लागणार. ते सोडून द्यायचं. चारही दिशांनी निर्धोक असं झाड नसतं. वायव्येचा वारा इथे कसाबसा चालतो, पूर्वेचा किंवा आग्नेयेचा असेल तर घरी बसा.

वारा बघायला पावडरच्या बाटलीपेक्षा मिल्कवीडचा (एक रानझुडूप) बोंडातला कापूस बरा. पावडर दहा फुटांवर विरते, कापसाचा तंतू पन्नास-साठ यार्ड दिसत राहतो आणि हवा कुठे वळते, कुठे खाली बसते ते कळतं. लावण्याआधी वेगवेगळ्या वेळी सोडून बघा.

टोकदार
वरील बऱ्याच गोष्टींशी सहमत, पण खिंड इतक्या सहज सोडू नये. नोव्हेंबरच्या मध्यावर माज ऐन भरात असतो, तेव्हा नर अन्नामागे नाही, माद्यांमागे फिरतात आणि धार ओलांडायला सर्वांत कमी चढाची जागा वापरतात. तिथे खोडांवरच्या घासण्या (नराने शिंगं घासून साल काढलेल्या जागा) आणि जमीन उकरून ठेवलेल्या जागा एका ओळीत सापडल्या तर ती वाट पक्की धरा. बहुतेक जण एखादी उकरलेली जागा बघून तिच्यावरच स्टँड लावतात, पण अशा जागेला नर बहुतेक रात्रीच भेट देतात. ओळ महत्त्वाची. घासणीची सोललेली बाजू बघा: नर ज्या दिशेने आला त्या बाजूची साल सहसा गेलेली असते, म्हणजे ती वाट सकाळची की संध्याकाळची हे कळतं.

खिंडीच्या मधोमध मात्र स्टँड नको, वारा तिथे भोवरे घेतो. ओलांडण्याच्या वाटेपासून आग्नेयेला, 20 यार्ड बाजूला, जिथे मिल्कवीडचा तंतू सरळ जातो तिथेच. हे वायव्य वाऱ्याचं स्टँड, थंडीची लाट येऊन गेल्यावरच्या एक-दोन दिवसांसाठी. महिनाभर रोज बसलात तर वाया जाईल.

रायफलच्या हंगामात इथे दोन गोष्टी बदलतात. थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारी हंगाम उघडतो, गेम लँडवर माणसं शिरतात आणि तिकडची हरणं याच खिंडीतून तुमच्याकडे येऊ शकतात. पण धारेवरचं हरीण आभाळाच्या रेषेवर उभं असतं आणि त्यामागे गोळी अडवायला काहीच नसतं, पलीकडे माणसं असतात. म्हणून रायफलसाठी झाड असं हवं की वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर हरणाच्या मागे माती दिसेल. तसं झाड नसेल तर खिंड फक्त क्रॉसबोची.

पायरी_पायरी
उंचीबद्दल. 'जितकं उंच तितकं चांगलं' हा गैरसमज आहे. 15 ते 20 फूट पुरे. त्याहून वर गेलात आणि हरीण दहा यार्डांवर आलं की कोन इतका तिरपा होतो की एकच फुप्फुस सापडतं आणि जखमी जनावर लांब जातं.

उतारावर आणखी एक हिशोब करा. दर 10 फुटांना 3 फूट चढ असेल तर वरच्या बाजूला 20 यार्डांवर, म्हणजे 60 फुटांवर, जमीन 18 फूट वर आलेली असते. तुम्ही 18 फुटांवर बसला असाल तर त्या हरणाच्या नजरेसमोर आहात. पदरावर ही अडचण नाही, खिंडीखाली नक्की येईल. तिथे उंचीपेक्षा पाठीमागचा आडोसा बघा: दुबेळकं झाड, हेमलॉक, किंवा पानं उशिरापर्यंत धरणारा बीच.

झाड जिवंत आणि सरळ हवं. ॲश टाळाच. एमराल्ड ॲश बोरर ही कीड 2007 मध्ये या राज्यात सापडली, तेव्हापासून असंख्य ॲश मेले आहेत आणि मेलेलं लाकूड वरून धड दिसतं तरी ठिसूळ असतं. शॅगबार्क हिकरीच्या सालपटांवर पट्टा नीट बसत नाही, आणि हालचाल झाली की कुरकुर ऐकू येते.

उजव्या हाताने मारणारा बसल्या जागेवरून डावीकडे सहज वळतो, उजवीकडे फार कमी. म्हणून वाट डाव्या हाताला ठेवा. पदरावरच्या झाडावर तोंड साधारण ईशान्येला, म्हणजे वळसा घालणारी वाट वायव्येला, डावीकडे येते.

बाण सुटताना क्रॉसबोच्या धनुष्याचे दोन्ही हात बाहेर फेकले जातात. लॅडर स्टँडच्या कठड्याला किंवा खोडाला ते लागले तर बाण भरकटतो आणि धनुष्य मोडतं. बाण न लावता, दोर न ताणता वर बसून प्रत्येक दिशेला फिरवून बघा.

छाटणी कमी करा. नेमासाठी तीन ते चार मोकळ्या गल्ल्या, प्रत्येकी तीन-चार फूट रुंद, बास. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा मागच्या हंगामातल्या वाटा आणि घासण्या पानांविना स्पष्ट दिसतात आणि तुमचा वावर हरणं सप्टेंबरपर्यंत विसरतात. छाटलेल्या फांद्या फेकू नका, नको असलेल्या वाटेवर आडव्या टाका, हरणं आपोआप तुमच्या बाजूने वळतील.

खडकमाळ
सुरक्षेचं कोणी लिहिलं नाही म्हणून: स्टँडवरचे बरेच अपघात चढता-उतरताना किंवा फळीवर पाय टाकताना होतात. पूर्ण शरीराचा हार्नेस आणि झाडाच्या वरपासून बुंध्यापर्यंत लाइफलाइन (सुरक्षेची दोरी), तिच्यावर हाताने सरकणारी पण ओढ बसली की आवळणारी प्रुसिक गाठ. जमिनीवर असतानाच अडकवा, उतरून जमिनीवर आल्यावरच काढा. वर बसल्यावर टेदर (हार्नेसला झाडाशी जोडणारा पट्टा) डोक्याच्या वर बांधा, बसल्यावर त्यात ढील राहता कामा नये. लटकलात तर पायांना आधार देणारा सस्पेन्शन पट्टा खिशात हवा, नाहीतर मांड्यांतलं रक्त अडून काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते.

शस्त्र हातात घेऊन चढू नका. दोरीने वर ओढा: रायफल रिकामी, चेंबर उघडं, नळी खाली, क्रॉसबोवर बाण नको.

लॅडर स्टँड उभा करायला तीन माणसं लागतात: दोन ढकलायला, एक पाय धरायला. पट्टे दरवर्षी तपासा. उन्हाने ते विरतात, खारी कुरतडतात आणि खोड जाडावलं की बकलावर ताण येतो. हंगाम संपला की पट्टे सैल करा किंवा स्टँड उतरवून ठेवा.

रानवाट
सगळ्यांचे आभार. म्हणजे हँग-ऑन घळीच्या काठावर, आणि लॅडर? घर खाली आहे, तेही सांगा.

टोकदार
लॅडर खिंडीजवळ नेऊ नका, इतकं ओझं घेऊन वर जाल तेवढ्यात निम्मी हरणं उठतील. तो शेताच्या वरच्या काठापासून 60-80 यार्ड आत, जंगलात, घळीच्या त्याच नैर्ऋत्य काठावर लावा. हरणं शेतात उतरण्याआधी आडोशाला घुटमळतात, ती जागा उजेड असताना पकडता येते आणि मागे ओढ्यातून निघता येतं. तिथे व्हाइट ओक असेल तर उत्तम. त्याच्या फळात टॅनिन कमी, म्हणून रेड ओकच्या आधी हरणं तेच संपवतात. सप्टेंबरच्या शेवटी दुर्बिणीने शेंड्याकडे बघून कुठल्या झाडाला फळ धरलंय ते टिपून ठेवा, कारण दरवर्षी त्याच झाडाला येतं असं नाही. खिंडीसाठी हँग-ऑन नोव्हेंबरमध्ये हलवा, किंवा अजून एक हलका घ्या.

घराबद्दल: रायफलसाठी वस्ती असलेल्या इमारतीपासून 150 यार्ड, क्रॉसबोसाठी 50 यार्ड सेफ्टी झोन, राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यात शिकार नाही. शेजाऱ्याचं घरही मोजा. झाडात स्क्रू घालायच्या पायऱ्या वापरणार असाल तर मित्राकडून परवानगी लेखी घ्या, तोंडी पुरत नाही. आणि रायफल हंगामात डोकं, छाती, पाठ मिळून 250 चौरस इंच फ्लुओरेसेंट नारिंगी. हरणांना तो रंग फिका दिसतो, निळा मात्र चांगला दिसतो, तेव्हा वर जीन्स घालून बसू नका.